लॉगर इंजेक्ट केला आणि दिवसभराचं खापर एका दूधवाल्याच्या माथी

कल्याण_स्लो (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ९.५०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय कामाचा आहे, त्यामुळे ऑफिसातून सुटल्यावर ज्यांना ऑफिस नको असतं त्यांनी इथूनच परत फिरावं.

आमची कंपनी लहान. अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या मागच्या अंगाला. दुकानदारांच्या क्यूआरवर जमा झालेल्या पैशांचा रोजचा हिशेब आणि परतावे, एवढंच काम. डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंग यंत्रणा) आहोत.

सुरुवात कॉपी-पेस्टपासून. आमच्या प्रत्येक क्लासच्या (कोडचा एक स्वतंत्र तुकडा) डोक्यावर एक ओळ असायची: स्टॅटिक लॉगर, म्हणजे काय घडलं त्याच्या ओळी लिहिणारा, त्या क्लासलाच कायमचा चिकटलेला, आणि कंसात त्या क्लासचं नाव. नवा क्लास लिहायचा म्हणजे जुनी फाइल उघडायची, वरचा भाग उचलायचा, चिकटवायचा. नाव बदलायचं राहून जातं. माझंही राहिलंय, उगाच साळसूदपणा कशाला. तर एका रात्री सेटलमेंटचा जॉब पडला आणि लॉगमध्ये ही ओळ:

०२:१४:०९ एरर [केवायसी.तपासणी] रक्कम जुळत नाही, फरक ४०.००

आम्ही दोघं दीड तास केवायसीचा कोड चाळत बसलो. केवायसीत रक्कम कुठून आली, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण रात्री सव्वादोनला माणूस लॉगवर विश्वास ठेवतो, स्वतःवर नाही. एरर होता परताव्याच्या क्लासमधला. डोक्यावरची पाटी तेवढी केवायसीची.

मग ठरलं की क्लासनं लॉगर स्वतः बनवायचा नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू बनताना चालणारा कोड) मागायचा, कंटेनर (क्लासना लागणाऱ्या वस्तू बनवून पुरवणारी यंत्रणा) देईल. डॉटनेटमध्ये ही सोय तयारच आहे. जेनेरिक आयलॉगर मागायचा, त्याला आपल्या क्लासचा टाइप द्यायचा, की क्लासचं पूर्ण नाव कॅटेगरी म्हणून आपोआप लागतं. इथं थांबलो असतो तर हा धागा निघालाच नसता.

मला हाव सुटली. ओळ कुठल्या रिक्वेस्टची (ॲपकडे आलेली एक मागणी), कुठल्या दुकानदाराची, हेही लॉगरलाच माहीत असावं असं वाटलं. म्हणून 'रिक्वेस्टलॉगर' नावाचा क्लास लिहिला आणि स्कोप्ड, म्हणजे दर रिक्वेस्टला नवा, म्हणून नोंदवला. जन्माला येताना, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्येच, तो चालू रिक्वेस्टचा आयडी आणि दुकानदाराचा क्रमांक उचलून खिशात ठेवतो आणि पुढे प्रत्येक ओळीला चिकटवतो. रिव्ह्यूत दोघांनी अंगठा दिला.

सोमवारी पहाटे डिप्लॉय, म्हणजे नवा कोड चालू. दुपारी सपोर्टवाल्या मुलीचा फोन: "हा ११७ नंबरवाला दुकानदार करतोय तरी काय? सकाळपासून परताव्याचा प्रत्येक एरर याच्याच नावावर." बघितलं तर भांडुपचा एक दूधवाला. बिचाऱ्यानं सकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी आदल्या दिवसाचा हिशेब उघडून पाहिला होता. डिप्लॉयनंतरची पहिली रिक्वेस्ट त्याची. नंतर बोरिवलीचा मेडिकलवाला अडको की चेंबूरचा इस्त्रीवाला, लॉगमध्ये दोषी दूधवालाच.

एवढं माझ्या लक्षात आलं की परताव्याची सर्व्हिस सिंगलटन होती. ती एकदाच बनते, म्हणून तिला मिळालेला लॉगरही एकदाच बनला. पुढे काय करावं ते कळत नाहीये. सगळ्या सर्व्हिसेस स्कोप्ड करू? की लॉगर इंजेक्ट करण्याचं खूळच सोडून देऊ? आमचे टीम लीड म्हणतात, जुनं स्टॅटिक बरं होतं, निदान चूक एका क्लासपुरती राहायची.

---

निवांत_ठाणेकर · रात्री १०.०२

वाखु (वाचनखूण) साठवली. दूधवाल्याला पेढे पोचवले का?

---

जुनाजावेकर · रात्री १०.४०

कल्याणराव, दंडवत. स्वतःची चूक इतक्या तपशिलात सांगणारा धागाकर्ता विरळा.

तुमच्या लेखात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात. ओळ कोण बोलतंय, ही एक. ओळ कोणाबद्दल बोलतंय, ही दुसरी. पहिली गोष्ट क्लासची. परताव्याचा क्लास जन्मभर परताव्याचाच राहतो, त्यामुळे ते नाव लॉगरच्या अंगावर गोंदवून टाकलं तरी चालतं. दुसरी गोष्ट रिक्वेस्टची, तिचं आयुष्य काही मिलिसेकंदांचं. ती ज्या वस्तूवर गोंदवाल ती वस्तू रिक्वेस्टइतकीच जगली पाहिजे, नाहीतर गोंदण उरतं आणि माणूस निघून जातो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

कंटेनरकडून लॉगर घेण्याची कल्पना जुनी आहे. वस्तू अशी बाहेरून पुरवण्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरच्या २००४ सालच्या लेखानं रूढ केलं, पण मागणाऱ्याकडे बघून वस्तू देणं हे त्याच्या पुढचं पाऊल. आमच्याकडे जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ४.३ आवृत्तीपासून 'इंजेक्शन पॉइंट' मिळतो. लॉगर बनवणाऱ्या मेथडला कंटेनर सांगतो, बाबा रे, अमुक क्लासनं मागितलाय. मेथड त्या क्लासच्या नावाचा लॉगर बनवून देते. नाव कुठेही हातानं लिहायचं नाही.

आता गंमत ऐका. ही मेथड प्रोटोटाइप स्कोपमध्ये, म्हणजे दर मागणीला नवी वस्तू, अशी ठेवावी लागते. आमच्या एका मुलानं ते विसरून तशीच सोडली. स्प्रिंगमध्ये काही सांगितलं नाही की बीन (कंटेनरनं बनवलेली वस्तू) सिंगलटन. झालं, ज्या क्लासनं पहिल्यांदा लॉगर मागितला त्याचंच नाव अख्ख्या ॲपला लागलं. तुमचा दूधवाला, तसा आमचा 'ईमेलपाठवणारा' नावाचा क्लास. दोन दिवस आम्ही ईमेल सर्व्हरच्या नावानं बोटं मोडत होतो.

---

सीप्झची_चिमणी · रात्री ११.१५

कल्याण, या रोगाला नाव आहे: 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी'. जास्त जगणाऱ्यानं कमी जगणाऱ्याला धरून ठेवणं. डॉटनेटच्या जगात मार्क सीमननं हे नाव रुळवलं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. हे तुमच्या मशीनवर फुटलं कसं नाही? डॉटनेटच्या कंटेनरला 'स्कोप व्हॅलिडेशन' असतं. सिंगलटननं स्कोप्ड वस्तू मागितली की तो तिथंच एक्सेप्शन फेकतो आणि कोणत्या सिंगलटननं काय मागितलं तेही सांगतो. फक्त एक मेख आहे. आपोआप हे तेव्हाच चालू असतं जेव्हा एन्व्हायर्नमेंटचं (ॲप चालतं ती जागा) नाव 'डेव्हलपमेंट' असतं. प्रॉडक्शनमध्ये बंद, तिथं गुपचूप वस्तू बनवून हातात देतो. तुमच्या लॅपटॉपवर एन्व्हायर्नमेंटचं नाव काय आहे?

आणि दुसरं. जेनेरिक आयलॉगर घेतला म्हणून कॉपी-पेस्टचा रोग गेला असं समजू नका. परताव्याच्या क्लासमध्ये केवायसीचा टाइप दिलेला आयलॉगर मागितला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. आमच्याकडे तसे चार सापडले. ते पक्कं बंद करायचं तर जावेकर काका सांगतायत तसं मागणाऱ्याकडे बघणारा कंटेनर लागतो. सिम्पल इंजेक्टर या दुसऱ्या कंटेनरमध्ये कंडिशनल नोंदणी करता येते, तिथं मागणाऱ्या क्लासचा टाइप हातात मिळतो. निन्जेक्टमध्येही मागणीच्या कॉन्टेक्स्टमधून काढता येतो. मग क्लास साधा आयलॉगर मागतो आणि पाटी कंटेनर लावतो. डॉटनेटच्या स्वतःच्या कंटेनरमध्ये ही सोय नाही, तिथं ॲनालायझर (कोड तपासणारं साधन) लावून किंवा रिव्ह्यूत डोळे उघडे ठेवून भागवायचं.

---

कल्याण_स्लो · रात्री ११.३१

चिमणीताई, आत्ता लॅपटॉप उघडून बघितलं. एन्व्हायर्नमेंटचं नाव 'लोकल'.

आमच्याकडे लोकल, यूएटी (चाचणीचं), प्रॉड (प्रत्यक्ष वापराचं) अशी तीन नावं आहेत. कोणी ठेवली माहीत नाही, मी जॉइन झालो तेव्हापासून आहेत. म्हणजे तपासणी कुठेच चालू नव्हती.

---

सीप्झची_चिमणी · रात्री ११.३४

मुंबईत 'लोकल' नाव दिल्यावर आणखी काय होणार, भरून वाहणारच. उद्या सकाळी पहिलं काम: होस्ट (ॲप उभं करणारा भाग) बनवताना स्कोप व्हॅलिडेशन हातानं चालू करा, नाव काहीही असो. जोडीला 'बिल्डवर ताडून बघ' असा दुसरा पर्याय आहे, तोही चालू करा. मग ॲप उठतानाच ओरडेल, पहिल्या रिक्वेस्टची वाट बघणार नाही.

---

कंडक्टरची_लेक · बुधवार, सकाळी ७.२०

मी अकाउंट्सवाली. कंटेनर म्हटलं की मला न्हावाशेवा आठवतं. पण धागा दोनदा वाचला, कारण दूधवाल्याची दया आली.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. सकाळी डेपोत गेले की त्यांना तिकिटांचं मशीन मिळायचं. त्यात त्यांचा नंबर, ड्युटी, मार्ग हे सगळं डेपोतूनच आलेलं. वडिलांना ते भरावं लागायचं नाही आणि चुकून दुसऱ्याचा नंबर टाकण्याचा प्रश्नही नव्हता. पण बस कुठल्या टप्प्यावर आहे ते डेपोवाला कसं सांगणार? ते वडील बस पुढे जाईल तसं मशीनवर बदलायचे. टप्पा बदलायला विसरलं तर दादरला चढलेल्याला कुर्ल्यापासूनचं तिकीट.

मला जे कळलं ते असं की तुम्ही टप्पासुद्धा डेपोतच चिकटवून बस बाहेर काढलीत. बरोबर का?

---

जुनाजावेकर · सकाळी ८.०५

ताई, तुम्ही अकाउंट्समध्ये काय करताय! मी काल रात्री तीन परिच्छेद खर्ची घालून जे सांगितलं ते तुम्ही एका बसमध्ये बसवलंत.

---

निवांत_ठाणेकर · सकाळी ८.११

+१. मुंबईकर सॉफ्टवेअरवर बोलताना डबेवाल्यांचं उदाहरण न देता काही सांगू शकतो हे आज कळलं.

---

स्टॅटिकच_भारी · सकाळी ९.४०

मी विरोधी पक्षात. कल्याणच्या टीम लीडच्या बाजूनं.

लॉगर ही डिपेंडन्सी आहे का, हाच मूळ प्रश्न. डेटाबेस बदलला तर माझ्या कोडचं वागणं बदलतं. पेमेंट गेटवे बदलला तर बदलतं. लॉगर काढून टाकला तर? काहीही बदलत नाही, फक्त मी आंधळा होतो. मग त्याला कन्स्ट्रक्टरमध्ये मानाचं पान कशाला? आमच्या एका प्रोजेक्टमध्ये २३० क्लास होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिला पाहुणा लॉगर. चाचणी लिहायची तर प्रत्येक ठिकाणी खोटा लॉगर बनवून द्या. डोक्याला शॉट.

स्टॅटिक लॉगर, त्याला क्लासचं नाव, आणि नाव चुकलं तर पकडणारा लिंटचा (कोड तपासणाऱ्या साधनाचा) नियम. झालं काम. जावेत तर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) स्वतः ती ओळ लिहून देतो.

---

सीप्झची_चिमणी · सकाळी १०.२५

अर्धं पटतं. चाचणीचं रडगाणं मात्र नाही. डॉटनेटमध्ये काहीच न लिहिणारा 'नललॉगर' तयार मिळतो, एका शब्दात काम होतं.

न पटलेलं अर्धं असं. "वागणं बदलत नाही" हे डीबग लॉगपुरतं खरं. पण "११७ नंबरला ४० रुपयांचा परतावा नाकारला, कारण अमुक" ही ओळ ऑडिटला लागते. ती नाही आली तर ते वागणं चुकलंच. अशा ओळींसाठी मी लॉगर वापरतच नाही, वेगळा 'नोंदवही' नावाचा इंटरफेस ठेवते आणि तो ठणकावून इंजेक्ट करते, त्याची चाचणीही लिहिते. आत तो कुठे लिहितो ते त्याचं तो बघेल.

आणि ज्या क्लासमध्ये दहा ओळींत सहा लॉगच्या असतात, त्याला लॉगर कुठून द्यायचा हा वाद घालण्यात अर्थ नाही. "आत शिरलो, बाहेर पडलो, इतके मिलिसेकंद लागले" हे डेकोरेटरमध्ये (क्लासभोवती गुंडाळलेला दुसरा क्लास) काढा. त्यानंतर किती क्लासना लॉगर उरतो ते मोजा. आमच्याकडे निम्म्याहून कमी उरले.

---

स्टॅटिकच_भारी · सकाळी १०.३३

नोंदवहीची कल्पना ढापली. बाकी मत कायम.

---

अवांतरवाला · सकाळी ११.०५

अवांतर: डिपेंडन्सी इंजेक्शनला मराठीत काय म्हणावं? अवलंबित्व-अंतःक्षेपण म्हटलं तर माणूस डॉक्टरकडे पळेल.

---

कंडक्टरची_लेक · सकाळी ११.१२

डेपोवाटप.

---

जुनाजावेकर · दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, कल्याणच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलंय.

सगळ्या सर्व्हिसेस स्कोप्ड करू नका. लॉगरसाठी अख्ख्या घराची वास्तू बदलण्यासारखं आहे ते, आणि उद्या कोणीतरी बॅकग्राउंड सर्व्हिस आणेल, ती सिंगलटनच असते. लॉगर सिंगलटनच राहू दे, त्याला फक्त क्लासचं नाव असू दे. रिक्वेस्टची माहिती लॉगरमध्ये नाही, वाहत्या पाण्यात सोडायची. म्हणजे रिक्वेस्ट आत येते त्या दारावर, मिडलवेअरमध्ये, "या रिक्वेस्टचा आयडी हा, दुकानदार हा" असं एकदा मांडायचं. ओळ लिहिली जाते त्या क्षणी लॉगिंगची यंत्रणा ते उचलते.

जावेत याला एमडीसी म्हणतात, लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीच्या काळापासून आहे. आतून तो थ्रेडलोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडचं (सर्व्हरमधला एकेक कामकरी) स्वतःचं सामान. इथं सावधगिरीची गोष्ट, आणि ही मी स्वतः भोगलीय. थ्रेड पूलमधले थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात. टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) सहसा २०० थ्रेडपर्यंत जातो. रिक्वेस्ट संपताना एमडीसी साफ केला नाही तर थ्रेड आधीच्याचं सामान घेऊन पुढच्याकडे जातो. पुढच्यानं स्वतःचा आयडी वर लिहिला तर आयडी झाकला जातो, पण आधीच्यानं टाकलेली आणि यानं न टाकलेली किल्ली तशीच लटकत राहते. आमच्याकडे 'कूपनकोड' ही ती किल्ली होती. ज्यांनी कधी कूपन वापरलं नाही त्यांच्या ओळींवर दिवाळीचं कूपन. आणि हे दर वेळी होत नाही, २०० थ्रेडपैकी कुठला वाट्याला येईल त्यावर. पकडायला तीन आठवडे लागले. टाकलेलं काढणं 'फायनली'मध्येच हवं, शेवटच्या ओळीत नको, कारण मध्ये एक्सेप्शन उडालं तर शेवटची ओळ येतच नाही.

उलट प्रकारही होतो. काम दुसऱ्या थ्रेडवर टाकलं की एमडीसी मागेच राहतो आणि ओळी निनावी. स्प्रिंगमध्ये त्यासाठी टास्क डेकोरेटर लावतात. काम सोपवताना एमडीसीची नक्कल काढायची, पलीकडे चढवायची, काम झालं की उतरवायची.

---

सीप्झची_चिमणी · दुपारी १.५०

डॉटनेटमध्ये याचं नाव 'बिगिनस्कोप'. कल्याण, मिडलवेअरमध्ये बिगिनस्कोपला रिक्वेस्ट आयडी आणि दुकानदार क्रमांकाची डिक्शनरी द्या, यूझिंगच्या (संपलं की आपोआप आवरणारा कोडचा भाग) आत पुढचं मिडलवेअर बोलवा, संपलं. हा स्कोप लॉगचा, कंटेनरचा नव्हे; तो एसिंकलोकलवर (कामासोबत फिरणारं सामान) चालतो, त्यामुळे अवेटनंतर, म्हणजे काम मध्ये थांबून पुन्हा सुरू झाल्यावर, थ्रेड बदलला तरी माहिती सोबत येते. यूझिंग संपलं की आपोआप उतरते. तुमचा रिक्वेस्टलॉगर क्लास पूर्ण काढून टाका, काकांचं फायनलीही वाचेल.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. हे करून लॉग बघाल तर काहीच दिसणार नाही आणि मला शिव्या द्याल. कन्सोलवर लिहिणारा प्रोव्हायडर स्कोप छापत नाही, 'इन्क्लूडस्कोप्स' नावाचं सेटिंग मुळात बंद असतं. ते चालू करा. सेरिलॉग ही लॉगिंग लायब्ररी वापरत असाल तर तिथं 'लॉगकॉन्टेक्स्टमधून समृद्ध कर' ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये हवी.

---

गोपाळकाला · दुपारी २.३०

गो भाषेवाला आलाय. आमच्याकडे कंटेनर नाही, एसिंकलोकल नाही, जादू नाही. कॉन्टेक्स्ट (रिक्वेस्टची माहिती वाहणारी वस्तू) हा फंक्शनचा पहिला पॅरामीटर. प्रत्येक फंक्शनला. हातानं. गो १.७ पासून तो स्टँडर्ड लायब्ररीत आहे, ऑगस्ट २०१६. त्यामुळे आमच्याकडे दूधवाला अडकत नाही, आमची बोटं झिजतात.

१.२१ मध्ये 'एसलॉग' हा लॉगर आला. त्याला कॉन्टेक्स्ट देता येतो, पण तयार मिळणारे हँडलर (ओळ प्रत्यक्ष लिहिणारे) त्यातून काहीच उचलत नाहीत. उचलणारा हँडलर आपण लिहायचा, वीस-पंचवीस ओळी. मग मात्र लॉगर एकच, सिंगलटन, आणि माहिती पाण्यातून. म्हणजे फिरून काकांच्याच मुक्कामी.

---

डेव्हऑप्स_मावशी · दुपारी ४.१०

कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. कॉन्टेक्स्टमध्ये काय टाकता?

लॉगरला संदर्भ आपोआप मिळायला लागला की लोक सढळ हातानं भरतात. दुकानदार क्रमांक ठीक. मग कोणीतरी मोबाईल नंबर टाकतो, "सपोर्टला शोधायला सोपं". मग यूपीआय आयडी. आता ते एका ओळीत नाही, त्या रिक्वेस्टच्या प्रत्येक ओळीत छापलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारतातच, सांभाळायचे आहेत. म्हणजे एका उत्साही ओळीमुळे लोकांचे मोबाईल नंबर सहा महिने तुमच्या स्टोरेजमध्ये, आणि लॉग बघायची परवानगी इंटर्नलाही असते. अंतर्गत क्रमांक टाका. नंबर शोधायचाच असेल तर डेटाबेसमधून क्रमांक काढून मग लॉगमध्ये या.

दुसरं, आणि हे जावावाल्यांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं ते प्रकरण झालं, लॉगमध्ये गेलेल्या मजकुरातून बाहेरच्याला सर्व्हरवर कोड चालवता यायचा, सगळ्यांचा शनिवार-रविवार गेला. घाईघाईनं २.१५ टाकलं आणि लोक झोपले. नंतर कळलं की दुरुस्ती अपुरी आहे. लॉगचा आराखडा विशिष्ट पद्धतीनं लिहिला असेल आणि एमडीसीत बाहेरून आलेला मजकूर जात असेल तर भोक उघडंच. पुन्हा उठून २.१६. मी तेव्हा पवईच्या घरातून चाळीस सर्व्हर एकेक करून बदलले. हेडरमध्ये आलेलं काहीही न तपासता कॉन्टेक्स्टमध्ये भरणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे. रिक्वेस्ट आयडी बाहेरून घेत असाल तर निदान लांबी आणि अक्षरं तपासा. कोणी त्यात नवी ओळ घुसवली तर तुमच्या लॉगमध्ये तो स्वतःच्या ओळी लिहून जाईल.

---

जुनाजावेकर · दुपारी ४.२२

मावशी, तो शनिवार आठवला. बायकोच्या भाच्याचं लग्न होतं डोंबिवलीला. मी हॉलच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन.

---

कल्याण_स्लो · गुरुवार, रात्री १०.१५

हालहवाल.

काल सकाळी स्कोप व्हॅलिडेशन चालू केलं. ॲप उठलंच नाही. एक नाही, सात ठिकाणी सिंगलटननं स्कोप्ड वस्तू धरून ठेवली होती. त्यातल्या पाच माझ्या रिक्वेस्टलॉगरच्या, एक डेटाबेस कॉन्टेक्स्टची (तिच्याबद्दल इथं बोलत नाही, टीम लीडना घाम फुटला), एक कोणाच्याच लक्षात नसलेल्या एसएमएसच्या सर्व्हिसची.

रिक्वेस्टलॉगर उडवला. मिडलवेअरमध्ये बिगिनस्कोप टाकला. चिमणीताईंनी आधीच सांगूनसुद्धा इन्क्लूडस्कोप्स विसरलो आणि पंधरा मिनिटं कोऱ्या ओळींकडे बघत बसलो. आता यूएटीवर ओळ अशी येते:

११:४२:५१ सूचना [परतावा.सेवा] रिक्वेस्ट=७एफ३क दुकानदार=२०८ परतावा रांगेत टाकला

पाटी क्लासची, टप्पा त्या त्या रिक्वेस्टचा. कंडक्टरच्या लेकीला सलाम. मोबाईल नंबर नाही, मावशी. होता, काढला.

पण एक अडकलंय. 'रांगेत टाकला' नंतरच्या ओळी बघा:

११:४२:५२ एरर [परतावा.रांगवाचक] रिक्वेस्ट= दुकानदार= बँकेकडून नकार

रिकामं. रांग म्हणजे ॲपमधलाच चॅनेल, दुसरा सर्व्हर नाही, एकच प्रोसेस. एसिंकलोकल सोबत येतो म्हणालात ना?

---

सीप्झची_चिमणी · रात्री १०.४४

सोबत येतो तो कामाच्या, वस्तूच्या नाही. तुम्ही अवेट केलंत किंवा नवीन टास्क सुरू केलात तर त्या क्षणाचं सामान पुढे जातं. चॅनेलमध्ये तुम्ही फक्त एक निरोप टाकता. पलीकडे वाचणारा लूप सकाळी ॲप उठताना जन्मला, त्याच्या अंगावर सकाळचंच सामान. निरोप त्याच्या हातात पडला म्हणून पाठवणाऱ्याचं सामान त्याच्या खांद्यावर येत नाही.

तेव्हा निरोपातच पाकीट ठेवा. परताव्याच्या वस्तूसोबत रिक्वेस्ट आयडी आणि दुकानदार क्रमांक, दोन फील्ड. वाचकानं निरोप उचलला की पाकिटातल्या माहितीनं बिगिनस्कोप उघडायचा, काम करायचं, बंद करायचा. आणि प्रत्येक निरोपासाठी कंटेनरचा नवा स्कोपही उघडा, स्कोप फॅक्टरीतून. नाहीतर डेटाबेस कॉन्टेक्स्टचं ते सातातलं एक पुन्हा उगवेल.

उद्या ही रांग दुसऱ्या सर्व्हरवर नेलीत तरी हीच युक्ती. त्यासाठी स्वतःचा आयडी शोधून काढू नका. एका कामाचा माग सर्व्हरांमधून ठेवायला डब्ल्यूथ्रीसीचा (वेबची मानकं ठरवणारी संस्था) ट्रेस कॉन्टेक्स्ट आहे, २०२० पासून अधिकृत शिफारस. 'ट्रेसपेरेंट' हेडरमध्ये ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी असतो. डॉटनेट तो एचटीटीपीवर स्वतः पाठवतो, आणि डॉटनेट ५ पासून नेहमीचा होस्ट वापरला तर लॉगच्या स्कोपमध्येही स्वतः घालतो. तुमचा तो '७एफ३क' बनवणारा कोड बघून मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

---

कल्याण_स्लो · रात्री १०.५२

तो माझाच आहे. यादृच्छिक पाच अक्षरं. टक्कर, म्हणजे दोघांना एकच आयडी, होत असणार, नाही का.

---

सीप्झची_चिमणी · रात्री १०.५३

दिवसाला रिक्वेस्ट किती?

---

कल्याण_स्लो · रात्री १०.५५

साधारण दोन लाख. उत्तर नका देऊ, कळलं.

---

निवांत_ठाणेकर · रात्री ११.००

धाग्यात आता थरार आलाय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

कल्याण_स्लो · सोमवार, रात्री ९.०५

शेवटची खबर देतो. पाकिटाची युक्ती चालली. शनिवारी प्रॉडवर गेलं, आज दिवसभर ओळी ज्याच्या त्याच्या नावावर. ११७ नंबरवर आज एकच ओळ आहे, सकाळी ६ वाजून २ मिनिटांची, हिशेब बघितला एवढीच. सपोर्टवाल्या मुलीनं मला तिचा स्क्रीनशॉट पाठवला.

कॉपी-पेस्टचं अजून बाकी आहे. चुकीचा टाइप दिलेले आयलॉगर शोधायला छोटी चाचणी लिहिली: सगळे क्लास फिरायचे, कन्स्ट्रक्टरमधल्या आयलॉगरचा टाइप आणि क्लास एकच आहे का बघायचं. नऊ सापडले. त्यातले तीन लीडचे, म्हणून स्टॅटिकचा आग्रह तूर्त थंड आहे.

राहता राहिलं एन्व्हायर्नमेंटचं नाव. 'लोकल'चं 'डेव्हलपमेंट' करायला सगळ्यांच्या लॅपटॉपवरची स्क्रिप्ट बदलावी लागते आणि त्याला तिकीट लागतं. गुरुवारी टाकलंय. आज उत्तर आलं: "कृपया व्यावसायिक कारण नमूद करा."

---

कंडक्टरची_लेक · रात्री ९.२०

दूधवाला लिहा.